कलमं बांधणाऱ्याचं नाव

मागच्या उन्हाळ्यात मला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, तुटक का होईना बोलता येऊ लागलं. पण माणसांची नावं गेली. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी नरखेडकडच्या गावांत फिरून, एकेकाळी नावाजलेल्या पण आता हयात नसलेल्या माणसांच्या हकिकती वहीत टिपत होतो. विहिरी बांधणारा गवंडी, सायकलवरून औषधं पोचवणारा कंपाउंडर, पहिलवान घडवणारे एक वस्ताद. शहरात, प्रतापनगरच्या घरी पत्नी ती वही मला वाचून दाखवायची. माणसं धुक्यातून चालत गेल्यासारखी दिसायची, नाव मात्र ओठांवर यायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे, लहानपणापासून रोज घेतलेलं देवाचं नावही येईना. माळ हातात घेऊन मी नुसते मणी ओढायचो आणि मनातून देवावर चिडायचो.

थंडीतल्या एका दुपारी पत्नीनं मला जवळच्या देवळात नेलं. ती आत गेली, मी ओट्यावर उन्हात बसलो. घंटेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. डोळा लागत होता, तेवढ्यात एक म्हातारी शेजारी येऊन टेकली.

"मास्तर, वळखलं नाई का मले? माह्या घरधन्याची गोठ लेहून नेली होती तुमी. लेकीकडं आली मी."

मी उगीच मान हलवली. ती आपल्याच तंद्रीत बोलत राहिली. नवरा संत्र्याची कलमं बांधायचा. तालुक्यातल्या कितीतरी बागा त्याच्या हातच्या. "लोक पुसत, कलम धरन काय गा? तं ते म्हणत, मी बांधून देतो. धरन का नाई, ते त्याले इचारा." तिनं बोट वर केलं. मग काळजीनं म्हणाली, "नाव बराबर लेहलं ना? मी तं त्याइचं नाव घेत नाई. तुमीच सांगा."

ती वाट पाहू लागली. माझं दुखणं तिला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. खूप धडपडलो, काही आठवेना. शेवटी थकून मनात म्हणालो, मला नाही जमत रे, आता तूच बघ. डोळे मिटले. संत्र्याच्या फुलांचा वास आल्यासारखं वाटलं. हकिकत टिपताना तिच्या घरी पाहिलेल्या फोटोतला फेटेवाला माणूस दिसला, आणि माझ्याच तोंडून आवाज आला, "गोविंदा."

"हो, तेच," म्हातारी म्हणाली. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि उठून गेली.

पत्नी तीर्थ घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, मी देवाला हाक मारली. तिचे डोळे भरून आले. मी काही खुलासा केला नाही, कारण तिचं चुकलं होतं असं मलाही म्हणवेना.

हळूहळू बरीच नावं परत आली. कंपाउंडरचं अजून येत नाही. येईल तेव्हा येईल. त्या दुपारी माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं, अगदी देवाचं नावसुद्धा. तरी त्यानं मला दारातून रिकामं पाठवलं नाही.