पोताऱ्याखालचं परतूर

२९ सप्टेंबर १९४८. घट बसायच्या आधी घर पोतारायचं म्हणून पांढरी माती भिजत घातली. माझे धाकटे दीर माधव तापानं गेले, त्याला दीड महिना झाला. त्यांची मागची खोली मी शेवटी ठेवली होती.

मुंबईला चित्रकला शिकून भावजी या उन्हाळ्यात परतूरला परत आले. आल्या आल्या त्यांनी खोलीच्या एका भिंतीला जवसाचं तेल पाजलं, माझ्या चुलीची काजळी त्याच तेलात घोटली आणि चित्र काढलं. तेल स्वयंपाकाचं, म्हणून मी बघायला गेले. खाली छातीइतका नुसता काळा रंग, वर मळकट पिवळा पट्टा, मधोमध बोटभर लाल.

"भावजी, तवा पुसला का भिंतीला?"

"वहिनी, हे परतूर हाय."

"मंग स्टेशन कुठंय? बाजार कुठंय?"

"ते तर रोजच दिसतंय. कडी वाजली की तुमच्या पोटात गोळा येतो न्हाई का, तो काढून राह्यलो."

मला ते पटलं नाही. गोळा मात्र यायचा. गावोगाव रझाकारांच्या झडत्या चालल्या होत्या आणि नेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं.

एका दुपारी कडी वाजली. चौघं बंदूकवाले. धान्याच्या कणग्या उपसून झाल्यावर त्यांचा म्होरक्या त्या भिंतीसमोर थांबला. "ये नक्शा किसका है? ये लाल निशान क्या है, बोलो!" भावजींनी तोंड उघडलं... हा माणूस आता खरं सांगणार, हे मी ओळखलं. मीच मध्ये पडून म्हणाले, "नक्शा कायका साब, खुळं हाय ते. भिंतीला तेल फासतंय. आज पोतारनाच है."

"अभी. हमारे सामने." तो खाटेवर बसला.

घाईघाईनं मारलेली माती भिंतीपेक्षा लुगड्यावरच जास्त पडली. बादली भावजींनी धरली. हळूच म्हणाले, "वहिनी, खळ घालू नका." माती धरून राहावी म्हणून मी ज्वारीच्या पिठाची खळ घालते. जिवावर बेतलंय आणि याला खळीचं सुचतंय, असा राग आला... पण घातली नाही. ते लोक गेले. त्या भिंतीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. पुढं ताप आला. जालन्याच्या दवाखान्यात न्यायला त्या दिवसांत कोणी धजेना. पाच दिवसांत भावजी गेले.

तर परवा मी त्या भिंतीवर पाणी मारलं. तेलावरची माती पापुद्र्यासारखी सुटली, खालून काळा वर आला, आणि पोटात गोळा आला. कडी वाजली नव्हती. दारात कोणी नव्हतं. मी तिथंच खाली बसले. झडतीवाले आता गेले, असं सगळे सांगतात. माझ्या पोटाला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

काल सकाळी तीन भिंती पोतारल्या, खळ घालून. चौथीवरची माती ओल्या फडक्यानं पुसत लाल रंगापर्यंत आले, तेवढ्यात बाहेर कडी वाजली. फडकं हातातच राहिलं. "कोण हाय?" विचारलं आणि उघडायला गेले. जाताना खोलीचं दार लोटून घेतलं नाही.