अण्णांचं स्टॉकहोम

आमच्या नणंदेचे यजमान, ज्यांना सगळी पिरनवाडी अण्णा म्हणते, ते बेळगाव जिल्ह्याच्या बाहेर आयुष्यात मोजून चार वेळा गेले असतील. पण त्यांना वाट ठाऊक नाही असं एकही गाव पृथ्वीच्या पाठीवर नाही. कुणी काशीला निघो, कुणी दुबईला, निघण्याआधी माणूस अण्णांच्या कट्ट्यावर येऊन टेकतो. गाडीत कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ऊन लागणार नाही, कुठल्या स्टेशनावरचा चहा प्यायचा आणि कुठल्या स्टेशनावरचा नुसता बघायचा, उतरल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे अण्णा डोळे मिटून सांगतात. शेजारच्या दूधवाल्याने एकदा तिरुपतीच्या गाडीतून फोन केला, "अण्णा, तुमी सांगितल्याला पूल अजून आला न्हाय." अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात मिनिटं हाईत. तवर पाणी पिऊन घे." आणि पूल आला. तेव्हापासून तो दूधवाला निदान अण्णांच्या घरच्या दुधात पाणी घालत नाही, असं आमच्या आक्कांचं मत आहे. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, अण्णांची बायको.

अण्णा चाळीस वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडात नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग त्यात लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून लाकडी नमुना मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. हे किंचित मोठेपण अण्णांच्या हाडात मुरलं. दहाला बोलावलं की ते साडेआठला येतात. चार पाहुण्यांना सात जणांची आमटी करतात. शर्ट शिवायला टाकला तर शिंप्याकडून एक बोट जादा घेतात, त्यामुळे ते नेहमी कुणा थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखे दिसतात. आणि गोष्ट सांगताना ती घडली त्यापेक्षा जराशी मोठी सांगतात. मी एकदा टोकलं, "अण्णा, तो साप हातभर होता. मी तिथंच होते." कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत ते म्हणाले, "मास्तरीणबाई, ऐकणाऱ्याच्या डोस्क्यात गार हुताना गोष्ट आक्रसती. थोडी सूट ठेवाय लागती." मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण अतिशयोक्तीची इतकी नेमकी व्याख्या मला कधी फळ्यावर लिहिता आली नाही.

आक्कांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात गेली. दोन्ही डोळ्यांची. त्या दिवसापासून अण्णांनी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. स्वयंपाक तेच करतात. भाकरी जमायला लागली तेव्हा त्यांनी पहिली भाकरी फूटपट्टीने मोजली होती. आक्का कधी रडत बसल्याचं मला आठवत नाही. "आता हेंचं टक्कल दिसत न्हाय, तेवढंच बरं," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता.

रडत बसले होते ती मी. माझे यजमान गेले आणि टिळकवाडीतल्या आमच्या घरात मी एकटी उरले. बँक आणि भाजी, एवढंच माझं बाहेरचं जग झालं. लेक स्टॉकहोमला नोकरीला. ती दर रविवारी म्हणायची, "आई, उन्हाळ्यात ये. इथला उन्हाळा म्हणजे सण असतो." मी दर रविवारी म्हणायचे, बघू. पण मला काही बघायचंच नव्हतं. दोन वर्षं अशी गेली. खिडकीतल्या तुळशीला फुटलेली पानंसुद्धा मला दुसऱ्या कुणीतरी दाखवावी लागत.

लेकीने शेवटी अण्णांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला अण्णा दारात. मी आधीच सांगून टाकलं, "अण्णा, मला जायचं नाही." ते आत येऊन बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "जायचं का न्हाय ते मागनं बघू की. आदी कसं जायचं ते तर बघू." या एका वाक्यात मी सापडले. कसं जायचं हे बघायला माणूस नाही कसं म्हणणार?

पुढचे तीन महिने त्या 'कसं'मध्ये गेले. व्हिसासाठी बेंगळूरला जायचं होतं, तर अण्णा आमच्या जेवणाच्या टेबलापलीकडे साहेब होऊन बसले. "व्हाय डू यू कम?" मी म्हणाले, "टू सी माय डॉटर." "परत येणार काय?" "अण्णा, साहेब मराठीत विचारणार नाही." "परत येणार काय, ते सांगा आदी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. चाकांच्या बॅगेत वीस किलो तांदूळ भरून त्यांनी मला आमच्या बोळातून चार फेऱ्या मारायला लावल्या. बॅग ओढत मी दुसऱ्या फेरीला निघाले तेव्हा समोरच्या वकिलीणबाई धावत आल्या, "अहो, घर सोडून चाललात की काय?" तिथं उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो हे कळल्यावर अण्णांनी मला दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायची सवय करायला सांगितलं. मला झोप लागेना. तेच मात्र आमच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या घोरायला लागले.

आणि एक दिवस ते रिक्षातून एक भलामोठा पाट घेऊन आले. त्यावर झाकलेलं आक्कांचं जुनं लुगडं त्यांनी बाजूला केलं. खाली स्टॉकहोम होतं. ते गाव चौदा बेटांवर वसलेलं आहे. ती चौदाही बेटं अण्णांनी सागवानाच्या तुकड्यांतून कोरली होती. पूल होते. बोटीचे धक्के होते. जुन्या गावाच्या बेटावर राजवाडा होता, चर्चच्या मनोऱ्यांची टोकं मात्र टोकदार न ठेवता गोल घासलेली होती. पाण्याच्या जागी खोबण होती, तीही इतकी गुळगुळीत की हाताचं बोट घसरावं. "डोळं मिटा," अण्णा म्हणाले, "आनि बोट टेकवून पोरीच्या घरातनं बोटीच्या धक्क्यापतोर जावा." मी तीन वेळा समुद्रात पडले. चौथ्यांदा पोहोचले. अण्णांनी टाळी वाजवली आणि पाट परत रिक्षात घातला. मला वाटलं, इथंच ठेवून जातील. पण ते म्हणाले, "अजून काम हाय त्येच्यावर."

जूनमध्ये मी गेले. सोबत लेकीसाठी बेळगावचा खव्याचा कुंदा, चटणीची पुडी आणि अण्णांची एकच अट होती. रोज आपल्या संध्याकाळच्या पाचला, म्हणजे तिथल्या दुपारी दीडला, त्यांना फोन करायचा.

पहिले चार दिवस मी लेकीच्या घरातच बसून होते. ती कामावर जायची, मी सोफ्यावर. बेळगावात बसत होते तशीच तिथं बसले, एवढाच काय तो प्रवास. पाचव्या दिवशी फोनवर अण्णांनी विचारलं, "धक्क्यावर पाणी दगडाला लागतंय, त्येचा आवाज कसा हाय?" मी म्हणाले, "असेल की पाण्यासारखा." मग अण्णांचा आवाज चढला. चाळीस वर्षांत ते माझ्याशी कधी तसं बोलले नव्हते. "मास्तरीणबाई, खिडकीतनं बघून सांगू नगा. खाली उतरा. एवढ्या लांब कशाला गेलाय?"

मला राग आला. रागातच चपला घातल्या आणि खाली उतरले. धक्क्यापर्यंत एकदाही वाट चुकले नाही. बोटांना पाठ होती. कठड्याला टेकून उभी राहिले आणि ऐकलं. एक बोट येऊन गेली की पाणी दगडाखाली शिरायचं आणि बाहेर येताना गुळण्या केल्यासारखा आवाज करायचं. दुसऱ्या दिवशी मी हे अण्णांना सांगितलं. ते खूश झाले आणि लगेच पुढचा प्रश्न: बोटीचा कठडा हाताला गार लागतो की कोमट? त्याच्या पुढच्या दिवशी: वास कसला येतो? मग: ऊन जाताना कुठल्या गालावर पडतं, येताना कुठल्या? मी वैतागायचे, पण बघून यायचे. हात लावून यायचे. डांबर, ओलं लाकूड आणि धक्क्यावरच्या गाडीवरच्या स्ट्रॉबेऱ्या, असा तिन्हीचा मिळून वास होता. भर गावात, खडकांवरून, माझ्या वयाच्या बायका पोहायला उतरत होत्या आणि थंडीने किंचाळत हसत होत्या. एका रविवारी दुपारी बोटीवर एका रुबाबदार म्हाताऱ्याच्या हातातला पाव एका पांढऱ्या पाणपक्ष्याने अलगद पळवला. म्हातारा रिकाम्या हाताकडे बघत राहिला आणि मग त्याने त्या पक्ष्याला टोपी काढून नमस्कार केला. मी हसले. मोठ्याने, पोट धरून. शेजारी बसलेली माझी लेक माझ्याकडे बघतच राहिली. येताना ऊन माझ्या डाव्या गालावर होतं. ते मला अण्णांना सांगायचं होतं म्हणून कळलं, पण कळलं.

दोन महिन्यांनी मी परत आले. तिसऱ्या दिवशी सिटी बसने पिरनवाडीला गेले. दार उघडंच होतं. आतून अण्णांचा आवाज येत होता, म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. आक्का चटईवर बसल्या होत्या, पुढ्यात तो सागवानी पाट. त्यांची बोटं पुलावरून हळूहळू पलीकडे चालली होती. अण्णा समोर उकिडवे बसून सांगत होते, "हां, आता बोटीत बसलो आपण. कठडा धर. गार हाय का? ऊन डाव्या गालावर यायलंय बघ. खाली पाणी गुळण्या करतंय, ऐकू येतंय काय?" आक्का म्हणाल्या, "व्हय. आनि स्ट्राबेरीचा वास बी यायलाय."

म्हणजे माझ्या प्रत्येक फोननंतर, रोज संध्याकाळी, ही दोघं स्टॉकहोमला जाऊन येत होती. गोल केलेली टोकं, घासलेली खोबण, उरलेलं काम, सगळं मला तिथं उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं. मी कुणासाठी बघत होते तेही कळलं. आणि त्यात माझं केवढं भलं होऊन गेलं, ते अण्णांना ठाऊक होतं की आपसूक घडलं, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. विचारलं तर ते ठाऊक होतं असंच म्हणतील.

मला बघून अण्णा चटकन उठले, जरा लाजलेही, आणि "च्या ठेवतो" म्हणून आत गेले. मी आक्कांजवळ बसले. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक इचारू काय गं? हे म्हणत्यात, तुज्या बोटीच्या कप्तानानं तुला मान दिऊन बोलावलं आनि बोटीवरची पितळी घंटा तुज्या हातनं वाजिवली. खरं काय?"

मी कप्तानाला पाहिलंसुद्धा नव्हतं. आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता.

"खरं, आक्का," मी म्हणाले.

आक्कांचा चेहरा उजळला. "मग सांग की," त्या माझ्याकडे सरकून बसल्या. "कशी वाजली?"

मी डोळे मिटले आणि सांगायला लागले.