आमची शाळा शून्य टक्के

आमच्या पोलादपूरच्या डोंगरात एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा घडलेला असतो. शाळा तपासायला साहेब यायला लागल्यापासून तर एवढे साठलेत, की पडवीत माणसाला बसायला जागा नाय.

मी सातवीत शाळेवर रुसलो, तो पुन्हा गेलोच नाय. आता नात सई चौथीत, म्हणून मला शाळेच्या समितीवर घेतलंय. सही येते, तेवढी लायकी पुरते. वर वाडीत आमची शाळा, खाली गावात दुसरी. दोन्ही सरकारीच. आता म्हणे दोघींची तुलना करायची, कमी गुणांची बंद करायची आणि तिथली पोरं दुसरीकडे धाडायची. सख्ख्या जावांना झुंजवायचं आणि हरेल तिनं घर सोडायचं, असला न्याय!

साहेबांनी दुसरीतल्या पोराला विचारलं, "वीर म्हणजे काय?"

पोरगं हाताची घडी घालून उठलं. "टेशन."

साहेबांनी गुण कापला. "वीर म्हणजे शूर."

मी म्हटलं, "साहेब, ह्याचा बापूस दर गणपतीला मुंबईहून येतो तो वीरला उतरतो. शूरला गाडी थांबत नाय."

गुण काय परत मिळाला नाय.

चौथीत आमची सई एकटीच. परीक्षेच्या दिवशी तिला ताप भरला. चौथीचा निकाल शून्य टक्के! चारही वर्ग एकटीनं ओढणाऱ्या मोरेबाई म्हणाल्या, "साहेब, मागच्या परीक्षेत शंभर टक्के होता."

"मग तर घसरण फारच गंभीर आहे," साहेब म्हणाले.

मी घरी येऊन सुनेला सांगितलं, "काढा कर गो, अख्खी चौथी आजारी हाय."

मग स्वच्छता. खालच्या शाळेत चकचकीत नळांची रांग, पाणी कधीच नाय. आमच्याकडे झऱ्याचा पाइप, बारा महिने धो धो.

"नळ किती?" साहेब.

"नळ नाय, पाणी हाय."

"रकाना नळांचा आहे, तात्या."

खालच्यांना पैकीच्या पैकी. खालच्या समितीचा गणपत गालात हसत होता. मी म्हटलं, "हस रे. पण हात धुवायला आमच्याकडंच ये."

सईचा ताप उतरला, तोवर शेवटची बेरीज झाली आणि आम्ही हरलो. बाईंचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "घाबरू नका, मुलांना त्रास नाही. मोबाईलवर अंतर बघा, एक किलोमीटरसुद्धा नाही."

मी हात जोडले. "मग साहेब, आज पोरांच्या वाटेनंच खाली चला. सई वाट दाखवील. गाडी खालच्या शाळेपाशी थांबू दे."

ऐन श्रावण. शेवाळलेल्या दगडांवरून साहेब कधी माझा खांदा धरत, कधी झुडूप. मधल्या ओढ्यापाशी आलो तर पाणी मातीसारखं लाल, मांडीच्या वर, आणि पलीकडे खालच्या शाळेचे पत्रे अगदी समोर दिसत होते.

सई म्हणाली, "साहेब, बूट काढून हातात घ्या. माझी एक चप्पल गेली वाहून."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं आणि मोबाईल कानाला लावला. "अरे, गाडी फिरवून वरच्या शाळेकडे आण. इथून माणूस जाऊ शकत नाही."

मागून मोरेबाई पदर खोचून उतरत होत्या. त्यांनी छत्री साहेबांच्या डोक्यावर धरली, पेन पुढं केलं आणि हळूच म्हणाल्या,

"साहेब, शेऱ्यात एवढंच वाक्य लिहा."