चिठ्ठ्या लावलेले डबे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहीत आईच्या नावापुढे एवढंच होतं: अर्धा कप चहा, दोन घोट ताक, गोळी उलटून पडली. आधीचे तीन दिवसही असेच गेले होते. आमगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर गोंदियाला भरती करा. गोंदियात राहणारा भाऊ गाडी काढून बसला होता. पण गोंदियाचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करायची. दोन महिन्यांपूर्वी बाबांना तिथेच नेलं होतं. ते जिवंत परत आले नाहीत.

घरात खायला नव्हतं असं नाही. दुखवट्याच्या वर्षी आमच्याकडे सणाला कढई चढत नाही, तळण होत नाही. शेजारचे ताट आणून देतात. ओट्यावर चार घरचे डबे होते. वडे, पुरणपोळ्या, कोहळ्याची भाजी. परत करताना घोळ नको म्हणून मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती: समोरच्या काकू, तळ्याकडच्या मामी. आणि मी तेच डबे उघडून आईपुढे मांडत होते. कालपासून तीनदा.

तिसऱ्यांदा ती बोलली. "आजवर दुखवट्याच्या घरी ताट मी नेऊन दिलं. आता माझ्या घरी कायले आणून राहिले?"

मी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. बाबा गेले, बाबा गेले, असं मी तिला दर जेवणाला लिहून वाढत होते. माझ्या नीटनेटकेपणाची मला त्या क्षणी किळस आली.

साडेअकरा वाजले होते. घरात ब्रेड होता, आणि गॅसवर धरायचा हातटोस्टर होता. चिठ्ठ्या फाडल्या. थंडगार वडे हाताने कुस्करले, कोहळ्याची भाजी त्यात कालवली, थोडी हिरवी मिरची घातली. ब्रेडला बाहेरून तूप लावलं. टोस्टर मिटताना कडी दोनदा निसटली. हेही नाही खाल्लं तर माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

वास गेला तशी आतून हाक आली. "काऊन व, कढई चढवली का?"

"नाही आई. टोस्टर आहे."

"टोस्टर काय कढईचा भाऊ नाही?"

"तेलाचा थेंब तापवला नाही. ब्रेड शेकून राहिले नुसता."

मी गरम सँडविचचे चार तुकडे करून साध्या बशीत नेले आणि जेवण म्हणून नाही, सहज ठेवल्यासारखे ठेवले. तिने एक तुकडा उचलला. फुंकर मारली. कोपरा चावला. चावत राहिली, गिळेना. मी पदराखाली मूठ आवळून बसले होते.

गिळलं.

"कोहळं कोणी केलं?"

"मीच."

"खोटी. तुले मेथी अशी तडतडवता नाही येत. समोरचीच्या हातचं आहे हे."

संपलं, आता ती खाणार नाही, असं मला वाटलं. ती तुकड्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते, नाकातून पाणी येत होतं. ते मिरचीचं की कशाचं, विचारायची माझी हिंमत नव्हती. मग तिने दुसरा घास घेतला.

"मीठ कमी टाकते ती. नेहमीचंच."

फोन वाजला. भाऊ. "ताई, निघू का?"

"थांब," मी कुजबुजले.

"किती खाल्लं?"

"दोन घास."

"दोन घासांनी काय होते? डॉक्टर काय म्हणाले होते?"

तो म्हणाला, अर्ध्या तासाने पुन्हा लावतो, मग निघतोच. मी फोन ठेवला. आईने तुकडा बशीत ठेवला होता, पण बशी सरकवली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले, उरलेला वडा कुस्करला आणि गॅस पुन्हा पेटवला.