हरलेल्याचा शेवट

वर्ध्याच्या कचेरीसमोर गोपिकाबाई टायपिंग करत. १९९८ साली निवृत्त शिक्षक योगेंद्र सरांनी त्यांना आपली कादंबरी टाइप करायला दिली. तीत एका काल्पनिक देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते, निकालावरून वाद पेटतो आणि हरलेला उमेदवार शेवटी सैन्य बोलावतो.

शेवटच्या पानावर बाईंचे हात थांबले. "सर, हा हरला तं घरी काऊन जात नाई?"

"मग थरार काय उरेल?"

"मी ग्रामपंचायतीले तीन मतांनी पडली. दुसऱ्या दिवशी जिंकलेलीच्या घरी हार घेऊन गेलती. तिच्या दारापर्यंत पाय कसे उचलले, ते मलेच मालूम."

सरांनी ते पान परत मागून घेतलं. आठवड्याने नवा शेवट आला. त्यात हरलेला उमेदवार विजेत्याच्या दाराशी उभा होता, आणि घंटी वाजवायला त्याला चार पानं लागली होती.