फुएन्सांताबाईंचं अंगण

स्पेनमधल्या कोर्डोबाच्या जुन्या वस्तीत फुएन्सांताबाईंच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. चुना दिलेल्या भिंतींवर निळ्या कुंड्यांच्या रांगा आणि त्यांना शिव्या घालत फिरणाऱ्या बाई. "काल पाणी पाजलं ना मेल्या, मग आज मान का टाकलीस?" लांब कळकाच्या टोकाला रिकामा डबा बांधून त्या वरच्या कुंड्यांना पाणी घालत. खाली थेंब न सांडता हे जमणारी दुसरी बाई गल्लीत नव्हती. असं त्या स्वतःच सांगत.

घर भाड्याचं. म्हातारा मालक गेला, मुलगा एवारिस्तो आला आणि त्याला शोध लागला, की परदेशी लोक जुन्या घरात झोपायला वाट्टेल तो भाव देतात. फक्त त्या घरात जुनी माणसं नकोत. त्यानं एकेक भाडेकरू गोडीगुलाबीनं बाहेर काढला. बाईंना गावाबाहेर लिफ्टच्या इमारतीत खोली पाहून दिली.

"मावशी, तुमच्या गुडघ्यांचा विचार केला हो मी."

"चड्डीत होतास तेव्हापासून बघतेय तुला. माझ्या गुडघ्यांचा विचार करणाऱ्यातला तू नव्हेस."

गेल्या मात्र. वळणापर्यंत मान ताठ ठेवून गेल्या, आणि पुढे बसमध्ये ढसाढसा रडल्या.

मे महिना आला, अंगणांची स्पर्धा आली. परीक्षक फुलं बघतात, चुना बघतात, पण आधी विचारतात, इथं कुणी राहतं का? नांदत्या घराला वेगळे गुण. एवारिस्तोच्या अंगणात चाकांच्या बॅगा रग्गड होत्या, वाळत घातलेला एक साधा पायमोजा नव्हता. तो मिठाईचा डबा घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"दिवसा येऊन बसायचं, मावशी. खुर्ची, हातपंखा, तुमचा तो कळक. कुणी विचारलं तर इथंच राहते म्हणायचं."

"आणि रात्री?"

"रात्री बस आहे ना."

"नाही म्हटलं तर?"

"मग अंगणाचं दार तुम्हाला बंद. झाडांना काय, माळी आहे. नळीनं घालतो पाणी."

नळीनं! जेरेनियमच्या थोबाडावर! बाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं. अंगणात पाऊल टाकायला मिळेल, एवढ्यासाठी त्या खोटं बोलायला तयार झाल्या.

एवारिस्तोनं सोय चोख ठेवली. नवी खुर्ची घासूनपुसून जुनी केली. बाईंच्या अंगावर इस्त्रीचा एप्रन चढवला, वर त्याला थोडे डाग पाडले. पर्यटक फोटो काढत आणि हळू आवाजात म्हणत, बघा, अजून अशी माणसं आहेत. बाई तेवढा वेळ पंखा जोरात हलवीत.

परीक्षक आले ते भर दुपारी, घामाघूम होऊन. त्यातल्या थोरल्यानं विचारलं, "बरीच वर्षं राहता वाटतं इथं?"

"जन्म गेला," बाई म्हणाल्या. हे काही खोटं नव्हतं. एवारिस्तोचा चेहरा खुलला.

पण बाईंच्या दारी आलेला माणूस असल्या उन्हात कधी कोरडा परत गेला नव्हता. परीक्षकाचा लालबुंद चेहरा बघून त्या सगळं विसरल्या; खुर्ची विसरल्या, बस विसरल्या. "अहो, चला आत. टोमॅटोचं गार सार देते वाटीभर."

"मावशी, मावशी!" एवारिस्तो हातवारे करायला लागला. बाई कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या स्वयंपाकघराशी पोचल्यासुद्धा. कडी जरा उचलून खांद्यानं धक्का द्यावा लागे. हाताला सगळं पाठ होतं. दार उघडलं.

शेगडीच्या जागी टब होता. टबात गळ्यापर्यंत फेसात बुडालेला एक जर्मन पाहुणा होता. त्यानं घाबरून स्पंज छातीशी धरला आणि सगळ्यांना अदबीनं मान लववली.

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं.

थोरल्या परीक्षकानं चष्मा पुसला. "मग बाई, इथं कुणी राहतं की नाही?"

"राहतं की," बाई म्हणाल्या. "मी नाही."

एवारिस्तो भिंतीइतका पांढरा पडला. बाईंनी एप्रन सोडून त्याच्या हातात दिला. वरच्या ओळीतली एक कुंडी राहिली होती, तिला पाणी घातलं, थेंब न सांडता. मग कळक खांद्यावर टाकून त्या बाहेर पडल्या. बसवाल्यानं कुरकुर केली, तर त्याचीही हजेरी घेतली.

कळक लिफ्टमध्ये मावेना. बाईंनी तो आडवा धरून पाहिला, तिरका धरून पाहिला, आणि मग तो खांद्यावर घेऊन, एक हात गुडघ्यावर ठेवत जिन्यानं वर चढल्या.