मिस सुलभाचा उपास

आमची मैत्री चौदा वर्षांची, म्हणून स्पष्ट सांगते: सुलभा शुद्ध मूर्खपणा करत होती. आणि मी तिला ते तोंडावर म्हटलंही होतं.

अमेरिकेत, सांता क्लाराच्या एका डेकेअरमध्ये ती चार वर्षांच्या पोरांची टीचर, मी किचनमध्ये. सुलभा मूळची नागपूरची, हसरी, मोठ्या आवाजाची. कितीही रडकं पोर असो, तिच्या मांडीवर दोन मिनिटांत गप्प व्हायचं. आमच्याकडे नियम होता, टीचरनं मुलांच्या टेबलाशी बसून त्यांचंच जेवण जेवायचं. मोठ्यांचं पाहून मुलं खायला शिकतात म्हणे. सुलभा बसायची, वाढायची, ब्रोकोली खावी म्हणून पोरांना लाडीगोडी लावायची. स्वतःची प्लेट मात्र कोरी.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास आधीपासूनचेच. २००५ साली डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर आहे म्हटल्यावर उरलेले दिवसही उपासाचेच झाले. तिची आई शुगरनंच गेली होती. आधी दृष्टी गेली, मग पाय कापावा लागला. म्हणून ही बया अन्नालाच घाबरायला लागली.

"अगं, शुगरवाल्यांनी वेळेवर खायचं असतं, उपाशी नाही मरायचं!"

"मालिनी, तू तुझी भांडी बघ."

बघत बसले भांडी. माझंही चुकलंच, वरती कुणाला तरी सांगायला हवं होतं.

वर्गात चैत्राली नावाची मुलगी होती, अतुल आणि रुपालीची एकुलती एक. सुलभाच्या मागे-मागे फिरायची, तिच्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. हळूहळू तिची प्लेट भरलेलीच परत यायला लागली. मला वाटलं, माझ्याच हाताची चव गेली. राजमा-भात, पास्ता, सफरचंदाच्या फोडी, सगळं जसंच्या तसं. महिन्याभरात पोरीचे गाल बसले. आणि एका गुरुवारी झोक्याजवळ ती चक्कर येऊन पडली. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. हॉस्पिटलवाले म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्न नाही.

दुसऱ्या दिवशी रुपाली आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"सुलभाताई, घरीपण खात नाही ती. रागावलं की म्हणते, 'आय ॲम बीइंग गुड, लाइक मिस सुलभा.' हे काय आहे?"

सुलभा पांढरीफटक पडली. पोरं रोज विचारायची, तू का जेवत नाहीस? आता चार वर्षांच्या पोरांना इंग्लिशमधून उपास कसा समजावणार? मग ती म्हणायची, "टुडे आय ॲम बीइंग गुड." डाएटवाल्या इथल्या बायका तसंच बोलतात, तेच तिनं उचललं होतं. चैत्रालीनं सरळ अर्थ काढला, न जेवणारी माणसं चांगली.

"मी काय करून बसले गं," एवढंच सुलभा दिवसभर म्हणत राहिली. एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिच्या पुढ्यात नुसता चहा नेऊन ठेवला.

आठवड्यानं चैत्राली परत आली, मनगटं काडीसारखी. नेमकी एकादशी होती. सुलभानं माझ्याकडून पूर्ण प्लेट वाढून घेतली.

"देवाला काय सांगायचं ते मी सांगीन," म्हणाली.

टेबलाशी बसली. राजमा-भाताचा घास तोंडात घातला. मग दुसरा. पोरं आ वासून बघत होती.

"मिस सुलभा," चैत्रालीनं घाबरून विचारलं, "आर यू बॅड टुडे?"

"नो, राजा," सुलभा म्हणाली. "आय ॲम हंग्री. आय वॉज हंग्री एव्हरी डे."

चैत्रालीनं आपली भरलेली प्लेट दोन्ही हातांनी सुलभापुढे सरकवली. "यू कॅन हॅव माइन," म्हणाली, आणि स्वतः एक दाणाही तोंडात घातला नाही.